विद्यापीठाची लायब्ररी मोबाईलवर : लॉगिन कोणाला मिळतं, कसं मागायचं आणि लॉगिनशिवाय काय वाचता येतं?

परीक्षा आठवड्यावर आली की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. कोणाच्या तरी जुन्या नोट्स, कोणाचा तरी मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट, गाईडची दहा-वीस पानं. पानामागे पैसे मोजून पोरं तेच ते पुन्हा छापून घेतात. प्रोजेक्टच्या शेवटी ‘संदर्भ’ म्हणून चार पुस्तकांची नावं लिहायची असतात, तीही मागच्याच प्रोजेक्टमधून उतरवली जातात. ती पुस्तकं कोणी पाहिलेली नसतात.

त्याच पोरांच्या खिशातल्या मोबाईलवर जगभरातल्या हजारो संशोधन जर्नलचं दार उघडू शकतं. त्यातल्या मोठ्या भागाचे पैसे सरकारने किंवा कॉलेजने आधीच भरलेले आहेत. पण हे दार कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे मागायची, हे गावाकडच्या अनेक मुलांना कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून ही माहिती. कॉलेजात नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठीही यात बरंच काही आहे.

डेटाबेस म्हणजे नेमकं काय?

गावात एखादी जमीन कोणाची, असं पारावर विचारलं तर पाच माणसं पाच उत्तरं देतील. प्रत्येकाला खात्री असते, पण पुरावा कोणाकडेच नसतो. तोच प्रश्न घेऊन सातबारा काढला, तर त्यावर नाव असतं, क्षेत्र असतं आणि फेरफार क्रमांकही असतो. शंका आली तर तो फेरफार काढून नोंद कशावरून झाली ते बघता येतं.

गुगल, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवर मिळणारी माहिती पारावरच्या उत्तरासारखी असते. खरी असू शकते, खोटीही असू शकते. लायब्ररीचा संदर्भ डेटाबेस सातबाऱ्याच्या जवळ जातो. त्यातला लेख कोणी लिहिला, कोणत्या साली लिहिला, तो माणूस कोणत्या संस्थेत काम करतो, हे सगळं वर लिहिलेलं असतं. चांगल्या जर्नलमध्ये लेख छापण्याआधी त्या विषयातले दुसरे जाणकार तो तपासतात. आणि लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, म्हणजे फेरफार क्रमांकच. हे वाक्य कुठून आलं, असं वाटलं तर मूळ लेख शोधून खात्री करता येते.

सातबाऱ्यातही चूक निघते आणि दुरुस्तीचे अर्ज करावे लागतात, हे गावाला सांगायला नको. तसंच संशोधनाचं आहे. छापलेला प्रत्येक लेख बरोबरच असतो असं नाही. पण चूक कुठे आहे, हे शोधण्याची वाट तिथे असते.

एवढे पैसे कशाला लागतात?

जर्नलमधला एखादा लेख मोबाईलवर उघडायला गेलं की बऱ्याचदा अर्धं पान दिसतं आणि खाली पैसे भरण्याची सूचना येते. परदेशी प्रकाशकांच्या साईटवर एका लेखाला साधारण ३० ते ४० डॉलर लागतात, म्हणजे अडीच-तीन हजार रुपयांच्या घरात. एका प्रोजेक्टला पाच लेख लागले तर मजूर माणसाच्या महिन्याच्या कमाईइतका खर्च. म्हणून हे लेख कोणी विद्यार्थी विकत घेत नाही. लायब्ररी घेते. वर्षाची वर्गणी भरून ती आपल्या सगळ्या वाचकांना ते मोफत देते.

ही वर्गणी पूर्वी प्रत्येक विद्यापीठाला ऐपतीप्रमाणे किंवा गटागटाने भरावी लागायची. मोठ्या संस्थांकडे भरपूर जर्नल आणि लहान संस्थांकडे नावापुरती, असा प्रकार होता. त्यावर केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना आणली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार ई-जर्नल यात आहेत. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. देशातल्या ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधकांना त्याचा लाभ मिळावा, असा हिशेब मांडलेला आहे.

आकडा मोठा वाटतो, पण भागाकार करून बघा. वर्षाला २ हजार कोटी आणि लाभार्थी १ कोटी ८० लाख, म्हणजे डोक्यामागे वर्षाला साधारण १,१०० रुपये. हा पैसा करातून येतो. विद्यार्थ्याने जर्नल उघडलं काय आणि नाही उघडलं काय, खर्च व्हायचा तो होतोच.

या योजनेचा कारभार ‘इन्फ्लिबनेट’ ही संस्था बघते. ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अखत्यारीत असून गुजरातमध्ये गांधीनगरला आहे. तिची सुरुवात मात्र १९९१ साली पुण्यात झाली, ‘आयुका’ या संस्थेतला एक प्रकल्प म्हणून. १९९६ मध्ये ती स्वतंत्र झाली. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक सोयी तिच्याच आहेत.

आपल्या कॉलेजला यातलं काय लागू होतं?

गोंधळ होतो तो इथेच. ‘आमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे विद्यापीठाची ऑनलाईन लायब्ररी आम्हालाही उघडणार’ असं मुलांना वाटतं. तसं आपोआप होत नाही. साधारणपणे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारे. यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून थेट लॉगिन मिळतं. आवारातल्या वाय-फायवर तर अनेक डेटाबेस लॉगिनशिवायच उघडतात, कारण प्रकाशकाची साईट विद्यापीठाचं नेटवर्क ओळखते. घरी किंवा गावी आल्यावर मात्र लॉगिन लागतं.

दुसरा प्रकार, सरकारी कॉलेजं. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’च्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था घेतल्या आहेत. सरकारी इंजिनिअरिंग, सरकारी मेडिकल, सरकारी विज्ञान किंवा कला महाविद्यालयातल्या मुलांनी आपल्या लायब्ररीत पहिला प्रश्न याच योजनेचा विचारायचा.

तिसरा प्रकार, शिक्षण संस्थांनी चालवलेली अनुदानित कॉलेजं. ग्रामीण तालुक्यांतली कितीतरी कॉलेजं याच प्रकारची आहेत. त्यांच्यासाठी ‘एन-लिस्ट’ नावाची वेगळी सोय आहे. ती २०१० पासून चालू आहे आणि तीही इन्फ्लिबनेटचीच. कॉलेज वर्षाची वर्गणी भरून सभासद होतं आणि मग तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, शिक्षकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड मिळू शकतो. यातली ई-पुस्तकं पदवीच्या मुलांना जास्त उपयोगी पडतात, कारण एखाद्या विषयाची पहिली ओळख जर्नलच्या लेखापेक्षा पुस्तकातून सोपी जाते.

कृषी महाविद्यालयांची व्यवस्था आणखी वेगळी आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००७ साली ‘सेरा’ नावाने शेतीच्या जर्नलची सामायिक सोय उभी केली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तिची चौकशी करता येते.

लॉगिन कसं मागायचं?

लॉगिन देण्याचं काम ग्रंथपालांकडे असतं. त्यांच्याकडे जाताना गोल गोल न बोलता तीन प्रश्न विचारा. आपलं कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे का? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये आपला समावेश आहे का? घरून वापरण्यासाठी मला लॉगिन कधी मिळेल?

सोबत चालू असलेला ई-मेल लागतो. बऱ्याच मुलांचा ई-मेल मोबाईल घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. तसं असेल तर आधी नवा ई-मेल काढा. लायब्ररीतून नाव पाठवलं गेलं की युजरनेम-पासवर्ड ई-मेलवर येतो. आला नाही असं वाटलं तर आधी ‘स्पॅम’ फोल्डर बघा, खूपदा तिथेच पडलेला असतो.

तोंडी विचारून काम झालं तर उत्तमच. नाही झालं तर साधा अर्ज द्या. अर्ज असा लिहिता येईल :

‘प्रति, मा. ग्रंथपाल. विषय : ई-ग्रंथालयाचे लॉगिन मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या महाविद्यालयात (वर्ग, शाखा, हजेरी क्रमांक) शिकत आहे. मला अभ्यासासाठी व प्रकल्पासाठी ई-जर्नल आणि ई-पुस्तकांची गरज आहे. तरी एन-लिस्ट किंवा महाविद्यालयास उपलब्ध असलेल्या अन्य योजनेतून मला लॉगिन मिळावे, ही विनंती. महाविद्यालय अद्याप सभासद नसल्यास सभासद होण्याबाबत विचार व्हावा. माझा ई-मेल : … आपला/आपली विश्वासू.’

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. कॉलेज सभासद नसेल तर दहा-पंधरा विद्यार्थ्यांनी मिळून सही केलेला अर्ज प्राचार्यांपुढे ठेवता येतो. ग्रंथपालांनाही वर्गणीचा प्रस्ताव मांडताना मुलांची मागणी दाखवता आली तर त्यांचं काम सोपं होतं.

लॉगिन करताना काही साईटवर ‘तुमची संस्था निवडा’ असं येतं. तिथे यादीतून आपल्या कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं नाव निवडायचं आणि मग युजरनेम-पासवर्ड टाकायचा. थेट प्रकाशकाच्या साईटवर जाऊन पैसे भरण्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

लॉगिन मिळालं, आता शोधायचं कसं?

समजा, कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलीने बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला गुलाबी बोंडअळी हा विषय घेतला. ‘गुलाबी बोंडअळी उपाय’ एवढंच गुगलवर टाकलं तर औषध कंपन्यांच्या जाहिराती, यूट्यूबचे व्हिडिओ आणि कुठून तरी उचललेली माहिती समोर येते. डेटाबेसमध्ये शोधायची पद्धत थोडी वेगळी आहे.

एक, शास्त्रीय नाव वापरा. कीड, रोग, वनस्पती यांचं शास्त्रीय नाव इंग्रजीत तिरक्या अक्षरांत छापलेलं असतं. कृषी विभागाच्या पुस्तिकेत किंवा क्रमिक पुस्तकात ते सापडतं. तेच जसंच्या तसं शोधपट्टीत टाका. गावोगावी नावं बदलतात, शास्त्रीय नाव जगभर एकच असतं.

दोन, प्रदेशाचं नाव जोडा. किडीच्या नावापुढे महाराष्ट्र, विदर्भ किंवा मराठवाडा टाकलं की अमेरिकेतले, चीनमधले लेख मागे पडतात आणि आपल्याकडच्या जमिनीवर, आपल्या पावसात झालेलं काम वर येतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे लेख अशा शोधात सापडतात.

तीन, साल ठरवा. बाजूला वर्ष निवडण्याची सोय असते. बोंडअळीसारख्या विषयात दहा वर्षांपूर्वीचं आणि आजचं चित्र सारखं नाही. बीटी वाणांवर सुरुवातीला न येणारी अळी पुढे त्याच वाणांवर येऊ लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांचं मोठं नुकसान झालं. त्यामुळे या प्रश्नावर २००८ चा लेख आणि २०२० चा लेख वेगवेगळं सांगणार. दोन्ही वाचले तर बदल कसा झाला ते कळतं, आणि तोच प्रोजेक्टचा गाभा होऊ शकतो.

चार, दोन-तीन शब्दांचा समूह एकत्र शोधायचा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत टाका. मग ते शब्द त्याच क्रमाने असलेले लेख मिळतात.

लेख सापडला की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसू नका. वर गोषवारा असतो, साधारण दोनशे-तीनशे शब्दांचा. काय शोधलं, कसं शोधलं आणि काय निघालं, हे त्यात असतं. तो कामाचा वाटला तर शेवटचा निष्कर्ष वाचा. तोही पटला तरच पूर्ण पीडीएफ डाऊनलोड करा. डेटा वाचतो आणि वेळही.

पण सगळं इंग्रजीत असतं, त्याचं काय?

ही अडचण खरी आहे. जर्नलमधले बहुतेक लेख इंग्रजीत असतात आणि तेही जड इंग्रजीत. गोषवारा कॉपी करून मोबाईलवरच्या भाषांतर ॲपमध्ये टाकला तर मराठीत अंदाज येतो. छापील पानाचा फोटो काढूनही भाषांतर होतं. अर्थाचा अंदाज घेण्यापुरतं ते ठीक आहे.

मात्र आकडे, मात्रा आणि रसायनांची नावं मूळ लेखातूनच तपासा. भाषांतरात ‘नाही’ हा एक शब्द गळला तरी अर्थ उलटा होतो. आणि एखाद्या लेखात फवारणीचं प्रमाण दिलं आहे म्हणून ते थेट शेतात वापरू नका. प्रयोगाच्या प्लॉटमधलं प्रमाण आणि शेतकऱ्यासाठीची शिफारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधाच्या डब्यावरचं लेबल आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला हाच शेवटचा शब्द. माणसाच्या औषधाबाबतही तेच. लेख वाचून डॉक्टरांना चांगले प्रश्न विचारता येतात, गोळ्या मात्र त्यांच्याच सांगण्यावरून घ्यायच्या.

लॉगिन नाही? तरी हे सगळ्यांना फुकट

कॉलेज सुटून वीस वर्षं झाली असतील, किंवा कॉलेजचं तोंडच पाहिलं नसेल, तरी पुढच्या गोष्टी कोणालाही उघडता येतात. गुगलवर मराठीत नाव टाकलं तरी बहुतेक सापडतात.

*शोधगंगा :* भारतातल्या विद्यापीठांत झालेले पीएच.डी.चे प्रबंध इथे ठेवलेले आहेत. संख्या ५ लाखांच्या पुढे गेली आहे. इतिहास, समाजशास्त्र, मराठी साहित्य अशा विषयांतले मराठीत लिहिलेले प्रबंधही भरपूर आहेत. आपल्या तालुक्याचं, जिल्ह्याचं, नदीचं किंवा एखाद्या संताचं नाव टाकून बघा. गावातल्या सहकारी सोसायटीवर, दुष्काळावर, ऊसतोड मजुरांवर कोणीतरी चार-पाच वर्षं काम केलेलं सापडू शकतं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, त्यामुळे हवं तेवढंच उतरवून घेता येतं.

*कृषिकोश :* कृषी विद्यापीठांतल्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांचा हा साठा. डाळिंबाचा तेल्या, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, शेळ्यांचे आजार असे विषय इथे शोधता येतात. काही प्रबंध ठरावीक मुदतीपर्यंत बंद असतात, बाकीचे उघडतात.

*नॅशनल डिजिटल लायब्ररी :* आयआयटी खरगपूरने उभारलेली ही लायब्ररी १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाली. शाळेच्या पुस्तकांपासून प्रवेश परीक्षांच्या साहित्यापर्यंत बरंच काही एकाच ठिकाणी शोधता येतं. मोबाईल ॲपही आहे आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत.

*मराठी विश्वकोश :* तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. आता हे खंड ऑनलाईन मोफत वाचता येतात. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी एखादी संकल्पना मराठीत नीट समजून घ्यायची तर आधी इथे यावं. फक्त जुन्या नोंदींतले लोकसंख्या, उत्पादन असे आकडे त्या काळचे आहेत हे ध्यानात ठेवून ताजे आकडे दुसरीकडून घ्यावेत.

*जिल्हा गॅझेटिअर :* राज्य सरकारच्या गॅझेटिअर विभागाने जिल्ह्यांची गॅझेटिअर ऑनलाईन ठेवली आहेत. इंग्रजांच्या काळातले खंडही आहेत. गावचा बाजार कधी भरायचा, कोणती पिकं निघायची, किल्ला कोणाकडे होता, अशी माहिती त्यांत मिळते. इंग्रज अधिकाऱ्यांनी लोकांबद्दल, जातींबद्दल केलेली विधानं मात्र डोळे झाकून घेऊ नयेत.

*शिकागो विद्यापीठाचे मराठी शब्दकोश :* अमेरिकेतल्या या विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे शब्दकोश सगळ्यांसाठी मोफत खुले केले आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, जुन्या मराठीचा तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा कोश आहे. फलटणला राहून मुलांच्या शिक्षणाचं काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचाही कोश आहे. जुन्या कागदपत्रांतला, दस्तातला किंवा अभंगातला एखादा शब्द अडला तर इथे शोधा. आजीच्या बोलण्यातले कितीतरी शब्द, जे शाळेच्या पुस्तकात नाहीत, ते इथे अर्थासकट भेटतात.

*गुगल स्कॉलर :* नेहमीच्या गुगलपेक्षा हे वेगळं. यात प्रामुख्याने संशोधन लेख आणि प्रबंध दिसतात. उजव्या बाजूला ‘पीडीएफ’ असं दिसलं तर तो लेख बहुतेक वेळा मोफत उघडतो.

सार्वजनिक वाचनालयांनाही यातून काम आहे. गावच्या वाचनालयात एक संगणक आणि बरा नेट असेल, तर वरचं सगळं तिथे बसून बघता येतं. पुस्तकांसाठी अनुदान कमी पडतं ही तक्रार जुनीच आहे. या साठ्यांना मात्र अनुदान लागत नाही, कोणीतरी पहिल्यांदा उघडून दाखवावं लागतं.

या चुका टाळा

आपलं लॉगिन मित्राला देऊ नका. ते तुमच्या नावाने आहे आणि त्यावरून झालेला वापर तुमच्याच नावावर नोंदला जातो.

एका झटक्यात शेकडो पीडीएफ उतरवू नका. प्रकाशकांच्या यंत्रणेला असा वापर लगेच कळतो आणि शिक्षा म्हणून पूर्ण संस्थेचाच प्रवेश काही काळ बंद होऊ शकतो. एकाच्या हव्यासापायी सगळ्या कॉलेजचं नुकसान.

लेखातला मजकूर जसाच्या तसा प्रोजेक्टमध्ये चिकटवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आहेत आणि प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासले जातात. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ समजलं जातं, त्यापुढे अडचण सुरू होते. आपल्या शब्दांत लिहा आणि माहिती कुठून घेतली ते खाली नोंदवा.

‘सर्व जर्नलचं लॉगिन फक्त ५०० रुपयांत’ अशा जाहिरातींना भुलू नका. वन नेशन वन सबस्क्रिप्शनचे पैसे सरकार भरतं आणि एन-लिस्टची वर्गणी कॉलेज भरतं. विद्यार्थ्याला कोणताही ओटीपी, बँक खातं किंवा एटीएम कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. कोणी मागितला तर तो फसवणारा समजा.

साईटचा पत्ता बघायची सवय लावा. सरकारी साईटचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ने आणि भारतातल्या शिक्षण संस्थांच्या साईटचा शेवट बहुधा ‘एसी डॉट इन’ने होतो.

आज काय करायचं?

विद्यार्थी असाल तर उद्या कॉलेजात गेल्यावर ग्रंथपालांना वरचे तीन प्रश्न विचारा. वर्गणीची मुदत डिसेंबर २०२७ पर्यंतची आहे आणि पदवीला तीन-चार वर्षं लागतात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या वर्षीच लॉगिन हातात असलेलं बरं. विद्यार्थी नसाल तर आजच शोधगंगा उघडा आणि शोधपट्टीत आपल्या तालुक्याचं नाव टाका. मराठीत काही आलं नाही तर इंग्रजी स्पेलिंगने पुन्हा टाका.

आणि घरात कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी असेल, तर ही माहिती त्यांना पाठवा. झेरॉक्सचे पैसे मागितले की एकदा विचारून बघा : कॉलेजच्या लायब्ररीतून लॉगिन घेतलंस का?